क्ष-किरणांनी सापडलेले दीर्घिकासमूह आपल्या दुर्बिणीतून टिपताना

खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण आहे, नाभीय अंतर 1000 मिमी. विषुववृत्तीय माउंट आहे, 3.76 मायक्रॉन पिक्सेलचा चौकोनी सेन्सरवाला रंगीत कॅमेरा आहे. तेजोमेघ बरेच काढून झाले. आता क्ष-किरणांत ठळक असलेले दीर्घिकासमूह टिपायचे आहेत. पण क्ष-किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत. मग साध्या प्रकाशात टिपायचं काय, शेकडो नावांच्या यादीतून निवडायचे कुठले, आणि मासिकांत छापतात तसा जांभळा ढग आपल्या फोटोत येईल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. तो ढग येणार नाही. कितीही तास उघडझाप (एक्स्पोजर) केली तरी येणार नाही. तो ढग म्हणजे समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत भरलेला, 1 ते 10 कोटी अंश तापलेला विरळ वायू. एवढ्या तापमानाला त्याचा उजेड क्ष-किरणांतच पडतो आणि आपलं वातावरण तो वरच्या वर शोषून घेतं. म्हणूनच 1970च्या डिसेंबरात ‘उहुरू’ उपग्रह वर गेल्यानंतरच ययाती, अरुंधती केश, कन्या यांतल्या समूहांमधून येणारे क्ष-किरण एखाद्या बिंदूतून नव्हे तर पसरलेल्या प्रदेशातून येतात हे नीट कळलं. मोठ्या समूहात सगळ्या ताऱ्यांच्या मिळून वस्तुमानापेक्षा या वायूचं वस्तुमान कितीतरी जास्त असतं. आपण दुर्बिणीतून टिपतो ते समूहाचं अगदी थोडं द्रव्य. पण त्या थोड्यातही बघण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त काय बघायचं ते आधी ठरवून जावं लागतं.

आता क्ष-किरणांची यादीच का धरायची? जॉर्ज एबेल यांनी 1958 साली पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रपट्ट्या डोळ्यांनी तपासून 2712 समूहांची यादी केली. अफाट काम आहे ते, आजही आपण त्याच क्रमांकांनी समूह ओळखतो. पण साध्या फोटोत खोली दिसत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर यात्रेच्या दिवशी लांबून पाहिलं तर पुढच्या वळणावरची माणसं आणि मागच्या वळणावरची माणसं एकात एक मिसळून एकच गर्दी वाटते. तसंच एका रेषेत येणाऱ्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दीर्घिकांचा समूह भासू शकतो. वायूच्या बाबतीत हे सहजी होत नाही. एक तर एवढा तापलेला वायू धरून ठेवायला खरोखरच प्रचंड गुरुत्वाकर्षण लागतं. शिवाय त्याचा क्ष-प्रकाश घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दाट गाभा असेल तिथेच तो उठून दिसतो. तेव्हा क्ष-किरणांच्या यादीत नाव आहे याचा अर्थ, हा समूह खरा आहे, गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे.

पण अशी यादी नुसत्या क्ष-किरणांवरून पक्की होत नाही, आणि इथेच साध्या प्रकाशाच्या दुर्बिणीचं काम सुरू होतं. 1990 साली सोडलेल्या रोसॅट उपग्रहाने सगळं आकाश चाळलं. त्याच्या सर्वेक्षणातल्या प्रतिमेचा एक पिक्सेल 45 आर्कसेकंदांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा 60वा भाग, आर्कसेकंद 3600वा). त्यात एक डाग दिसतो. तो समूह आहे, की एखाद्या दीर्घिकेचं चेतलेलं केंद्रक, की आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारा, हे त्या डागावरून दर वेळी ठरत नाही. हॅरल्ड एबेलिंग आणि सहकाऱ्यांनी रोसॅटच्या डागांमधून दूरचे समूह वेचले तेव्हा हवाईतल्या 2.2 मीटर दुर्बिणीने एकेका जागेचे फोटो घेऊनच खात्री केली. त्यातून 0.3च्या पलीकडच्या ताम्रसृतीचे (प्रकाश तांबड्याकडे किती सरकलाय त्याचं माप; जितकी जास्त तितका समूह दूर) शंभराहून अधिक प्रचंड समूह हाती आले. 2024 साली जाहीर झालेल्या ई-रोसिटा या क्ष-दुर्बिणीच्या पहिल्या यादीतले 12,247 समूहसुद्धा साध्या प्रकाशातल्या सर्वेक्षणांशी जुळवूनच पक्के केलेले आहेत. तुम्ही घराजवळच्या माळावरून करणार आहात ते याच कामाचं लहान रूप. क्ष-किरणांचा डाग जिथे सर्वांत तेजस्वी आहे तिथे कोणती दीर्घिका बसली आहे, ती एकटीच राज्य करते आहे की दोघी आहेत, तिच्याभोवतीचा फिकट प्रकाश किती लांब पसरलाय, हे तुमच्या फोटोने सांगावं. नुसते पुष्कळ ठिपके आले म्हणून समाधान मानू नका.

निवड करताना सगळ्यांत आधी ताम्रसृती बघा. क्ष-तेजस्विता नंतर. तुमच्या दुर्बीण-कॅमेऱ्याची एक चौकट साधारण 39 आर्कमिनिटांची आणि एक पिक्सेल 0.78 आर्कसेकंदाचा. ताम्रसृती 0.02 असेल तर दहा लाख पार्सेकचा (सुमारे 33 लाख प्रकाशवर्षांचा) भाग आकाशात सुमारे 41 आर्कमिनिटं व्यापतो, म्हणजे समूहाच्या गाभ्यानेच तुमची चौकट भरून जाते. ताम्रसृती 0.1 झाली की तेवढाच भाग 9 आर्कमिनिटांत मावतो. 0.2 झाली की 5. मधली राक्षसी दीर्घिका 0.1ला साधारण 15व्या प्रतीची असते (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद), 0.2ला 17व्या प्रतीच्या आसपास जाते, आणि तिच्या साध्या सोबतिणी त्याहून दोन ते चार प्रतींनी मंद. दुसरी अडचण मंदपणापेक्षाही मोठी आहे. 0.2ला मध्यम आकाराची लंबगोल दीर्घिका जेमतेम 3 आर्कसेकंदांची उरते. आपल्याकडे हवा चांगली स्थिर असलेल्या रात्रीही ताऱ्याचा ठिपका अडीच-तीन आर्कसेकंदांचा येतो. मग दीर्घिका कुठली आणि तारा कुठला हे ओळखू येत नाही. म्हणून आठ इंचीसाठी माझं स्पष्ट मत: 0.08पर्यंतचे समूह मनसोक्त टिपा, 0.2पर्यंतचे जिद्दीने टिपा, त्यापुढचे फक्त एखाद्या खास कारणासाठी.

क्ष-प्रकाशात ठळक म्हणजे फोटोतही ठळक, असं धरू नका. भुजंगधारी तारकासमूहातला दीर्घिकासमूह क्ष-किरणांत आकाशातल्या पहिल्या काहींत येतो, पण तो आकाशगंगेच्या मध्यभागाच्या दिशेला, ताऱ्यांच्या गर्दीत आणि धुळीच्या पडद्यामागे आहे. फोटोत तारेच तारे येतील. उलट शौरीतला एबेल 2151 फोटोत फार सुंदर, सर्पिल दीर्घिकांनी भरलेला, पण क्ष-किरणांत त्या मानाने फिका. यादी वाचतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा. आकाशगंगेच्या पट्ट्यातला हायड्रोजन मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण शोषतो, म्हणून पुष्कळ याद्या त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे 20 अंश सोडूनच देतात. ययातीतला एबेल 426 हा आकाशातला क्ष-किरणांत सगळ्यांत ठळक समूह, पण तो पट्ट्यापासून जेमतेम 13 अंशांवर असल्यामुळे अशा यादीत सापडतच नाही.

आता तुमच्या जागेबद्दल. खानापूरचा अक्षांश 15.6, आणि हे आपलं भाग्य आहे. उत्तरेचे गाजलेले समूह तर डोक्यावर येतातच, शिवाय युरोपातल्या हौशी मंडळींना क्षितिजाशी लोळणारे किंवा दिसतच नसलेले दक्षिणेचे समूह आपल्याला चांगल्या उंचीवर मिळतात. बेळगाव शहराचा उजेड तुमच्या उत्तरेला. दक्षिणेला लोंढा, दांडेलीकडचं जंगल, म्हणजे काळोख. तेव्हा दक्षिणेचे समूह तुमचे हक्काचे समजा. निपाणीकडच्या मंडळींचं गणित उलटं आहे. त्यांच्या उत्तरेला कागल एमआयडीसी आणि कोल्हापूरचा उजेड, आणि कारखाने पेटले की उसाचा पाचट जाळल्याचा धूर रात्रभर खाली बसलेला असतो. चिकोडी, अथणीकडे हवा कोरडी, दहिवर कमी, पण धुराचा त्रास तिथेही आहे. जांबोटी, कणकुंबीकडे काळोख सुरेख, पण हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर धुकं चढतं, आणि अस्वलांचा वावर असलेल्या रानात एकट्याने बसणं मला पसंत नाही. गावाबाहेरचा उघडा माळ पुरतो. फक्त रात्री थ्री-फेज केव्हा येते ते शिवारवाल्यांना विचारून ठेवा, कारण लाईट आली की पंप सोडायला माणसं बॅटऱ्या घेऊन येतात आणि मोटारखोलीवरचा एलईडी दिवा थेट आरशात शिरतो.

सुरुवात मी तुम्हाला एबेल 1060 पासून करायला सांगेन. वासुकी तारकासमूहात आहे, ताम्रसृती 0.0126, अंतर साधारण 17 कोटी प्रकाशवर्षं. माघ-फाल्गुनात मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला 47 अंशांवर येतो, तुमच्या काळोख्या बाजूला. मधोमध एनजीसी 3311 आणि 3309 (एनजीसी आणि आयसी या दीर्घिका-तेजोमेघांच्या जुन्या याद्या) या दोन मोठ्या लंबगोल दीर्घिका खेटून बसल्या आहेत. क्ष-प्रकाशाचं शिखर 3311वर आहे. फोटो नीट आला तर तिचा फिकट पसारा 3309पेक्षा खूप लांबवर जाताना दिसेल, आणि मधली जागा कुणाची आहे हे तुमच्या डोळ्यांना कळेल. पूर्वेला चार-पाच आर्कमिनिटांवर एनजीसी 3312 ही सर्पिल दीर्घिका. आणि आग्नेयेला दहा-बारा आर्कमिनिटांवर एनजीसी 3314 शोधा: एका सर्पिल दीर्घिकेच्या अगदी समोर दुसरी सर्पिल दीर्घिका. टक्कर झाल्यासारखं दिसतं, पण त्या एका रेषेत आल्या आहेत इतकंच. वर यात्रेच्या गर्दीचं सांगितलं, त्याचा सगळ्यांत बोलका नमुना याच चौकटीत मिळतो. या चौकटीत आपल्या आकाशगंगेतले दोन ठळक तारेही आहेत. त्यांचं वलय 3311च्या पसाऱ्यावर पडू नये म्हणून दुर्बिणीच्या नळीला आतून नीट काळं करा आणि उघडझाप लहान ठेवा.

याच्या पुढे दक्षिणेला नरतुरंगातला एबेल 3526, मध्यभागी एनजीसी 4696. चैत्रात 33 अंशांपर्यंत येतो. अश्मंतचा समूह कार्तिकात 39 अंशांवर. सोपा आहे, एनजीसी 1399 मधोमध धरून काढून टाका.

ययातीतला एबेल 426 सगळेच काढतात, आणि काढावाच. अलगोल ताऱ्याच्या पूर्वेला सुमारे दोन अंशांवर, कार्तिक-मार्गशीर्षात 64 अंश उंच. बेळगावचा उजेड त्याच बाजूला असला तरी इतक्या उंचीवर फारसा त्रास देत नाही. मधली एनजीसी 1275, आणि तिच्यापासून पश्चिमेकडे निघालेली दीर्घिकांची रांग. पण खरी मेजवानी 1275च्या भोवतीच्या हायड्रोजनच्या तंतूंची आहे. तापलेल्या वायूच्या गाभ्यात हे तुलनेने थंड तंतू लोंबकळत आहेत, आणि क्ष-किरणांच्या प्रतिमेत जिथे केंद्रकातून निघालेल्या झोतांनी पोकळ बुडबुडे फुगवले आहेत, त्यांच्याशी या तंतूंचं नातं आहे. साध्या प्रकाशात क्ष-किरणांची गोष्ट इतकी जवळून सांगणारं दुसरं दृश्य आपल्या आवाक्यात नाही.

मात्र तुमच्याकडे तेजोमेघांसाठी घेतलेला 7 नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर असेल, तर तो इथे लावून काहीही मिळणार नाही. हायड्रोजनची रेषा मुळात 656.3 नॅनोमीटरला. एनजीसी 1275ची ताम्रसृती 0.0176. 656.3ला 1.0176ने गुणलं की रेषा 667.8ला जाते. तुमचा फिल्टर 660च्या आतच बंद होतो. मग लोक रात्रभर उघडझाप करून दीर्घिकेत तंतू नाहीतच असं म्हणतात. त्याऐवजी 672ला मध्य असलेला गंधकाचा फिल्टर घ्या, पण रुंद, 12 नॅनोमीटरचा. तो 666 ते 678 सोडतो, त्यात रेषा येते. 8 नॅनोमीटरचा घेतलात तर तो 668ला सुरू होतो आणि रेषा त्याच्या काठावर कापली जाते. फिल्टर विकत घेण्याआधी प्रत्येक समूहासाठी हा गुणाकार कागदावर करून बघा.

अरुंधती केशातला एबेल 1656 स्वाती आणि उत्तरा फाल्गुनी यांच्या मधल्या पट्ट्यात, चैत्रात जवळजवळ डोक्यावर. इथे मधोमध एक राणी नाही, एनजीसी 4874 आणि 4889 अशा दोन आहेत, सात आर्कमिनिटांच्या अंतराने. क्ष-प्रकाशही टोकदार नाही, सपाट पसरलेला. दोन समूह एकमेकांत शिरून अजून स्थिरावले नाहीत याची ही खूण. नैर्ऋत्येला सुमारे 40 आर्कमिनिटांवर एनजीसी 4839 आपला गोतावळा घेऊन आत पडते आहे. ती तुमच्या एका चौकटीत बसणार नाही, दोन चौकटी जोडाव्या लागतील, आणि त्या जरूर जोडा. समूह घडताना बघायचा असेल तर तो इथे दिसतो. चैत्र-वैशाखात धूळ असते खरी, पण संध्याकाळी वळीव पडून गेला आणि रात्री उघडलं, की हवेतली धूळ धुऊन निघते. अशी रात्र हातची घालवू नका.

जिद्दीच्या यादीत तीन नावं ठेवा. एबेल 2029, ताम्रसृती 0.077, म्हणजे मनसोक्तच्या अगदी काठावरचा, मधली आयसी 1101 आणि तिचा प्रचंड पसारा. एबेल 1689, चित्रेच्या उत्तरेला दहा अंशांवर, ताम्रसृती 0.183. याच्या गुरुत्वीय भिंगाच्या कमानी (समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने वाकलेला मागच्या दीर्घिकांचा प्रकाश) हबलच्या फोटोंमुळे घराघरांत पोहोचल्या, पण आठ इंचीने त्यांच्या मागे लागू नका, मधला पिवळसर घोळका मिळाला तरी पुष्कळ. आणि तिसरा एबेल 2631, मीन राशीत, दिवाळीच्या आसपास. ताम्रसृती 0.28, म्हणजे मी वर घातलेल्या मर्यादेच्या बाहेर. तरीही सांगतो, कारण पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह 2017 साली जाहीर केलेल्या ‘सरस्वती’ या महासमूहाचा हा गाभा आहे. आपल्या माणसांनी शोधलेली, अब्जावधी प्रकाशवर्षं दूरची ती रचना, आणि तिच्या मधल्या दीर्घिकेचा एक मंद ठिपका खानापूरच्या माळावरून टिपायचा. यासाठी दोन-तीन रात्री खर्च झाल्या तरी मला त्या वाया वाटत नाहीत.

उघडझापीबद्दल थोडक्यात. समूहातल्या लंबगोल दीर्घिका म्हाताऱ्या ताऱ्यांच्या, मुळातच तांबूस, आणि ताम्रसृतीने आणखी तांबड्या. निळ्यात वेळ घालवू नका. उद्या एकरंगी कॅमेरा घेतलात तर लाल फिल्टरवर सगळ्यात जास्त वेळ द्या. शहरी उजेड गाळणारे फिल्टर इथे कामाचे नाहीत. दीर्घिकांचा प्रकाश सलग वर्णपटाचा असतो, एलईडीचाही तसाच, फिल्टर दोन्ही सारखेच कापतो. दोन-तीन मिनिटांच्या उघडझापी, दर काही फ्रेमनंतर थोडी जागा सरकवणं, आणि एकूण चार-पाच तास. जवळच्या समूहांना याहून कमी चालतं, 0.1च्या पुढे याहून जास्त लागतं. फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे, चौकटीतला असमान उजेड दुरुस्त करणारे फोटो) मात्र रोज घ्या, त्याच रात्रीच्या फोकसला घ्या. दुय्यम आरशाला दहिवर-पट्टी लावा.

फोटोवर प्रक्रिया करताना माझा आग्रह कडक आहे. पार्श्वभूमी सपाट करणारी आपोआप चालणारी साधनं आयसी 1101सारख्या मधल्या दीर्घिकेचा फिकट पसारा म्हणजे आकाशाचा डाग समजून पुसून टाकतात. तुम्ही पाच तास ज्याच्यासाठी बसलात तेच जातं. नमुन्याचे बिंदू हाताने ठेवा, मधल्या दीर्घिकेपासून लांब, आणि उताराला साधं सरळ प्रतल बसवा, वळणदार नको. तारे काढून टाकणारी आणि धार लावणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तर समूहाच्या फोटोला लावूच नका. ती 19व्या प्रतीची गोल दीर्घिका तारा समजून आवळतात, नाहीतर गायबच करतात. फोटो देखणा होतो, पण त्यातले निम्मे सदस्य खोटे झालेले असतात.

क्ष-किरणांची जोड द्यायची असेल तर ‘अलाडिन’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात रोसॅटचं सर्वेक्षण तयार थर म्हणून आहे. तुमच्या फोटोला आकाशातले निर्देशांक बसवा, तो त्यात उघडा, आणि रोसॅटच्या समतेज रेषा वर काढा. ई-रोसिटाची जाहीर झालेली माहिती निम्म्याच आकाशाची आहे: वासुकी, नरतुरंग, कन्या आणि एबेल 1689 तिच्यात येतात, ययाती आणि अरुंधती केश येत नाहीत. जांभळा ढग रंगवण्यापेक्षा रेषा काढलेल्या चांगल्या, खालची दीर्घिका झाकली जात नाही. आणि रेषा उपग्रहाच्या, प्रकाश आपला, हे फोटोखाली लिहा. आतली रेषा 45 आर्कसेकंदांच्या पिक्सेलवरून आलेली आहे, तेव्हा शिखर आणि दीर्घिका अर्ध्या-पाऊण आर्कमिनिटाने हुकली तर त्यात शोध लागल्यासारखं काही नाही. त्याहून जास्त अंतर पडलं, तर ‘चंद्रा’ या दुर्बिणीच्या प्रतिमा त्याच जागेच्या आहेत का ते बघा. नासाची 1999 साली सोडलेली ती क्ष-दुर्बीण, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. तिचा तपशील आर्कसेकंदाइतका बारीक आहे आणि तिच्या संग्रहातल्या प्रतिमा कुणालाही उतरवून घेता येतात.

एबेल 1060 झाला की जोडलेली मूळ फाइल पाठवा, ताणलेली आणि रंगवलेली नको. 3311चा पसारा किती लांब गेलाय ते त्याच फाइलवर मोजता येईल, आणि फ्लॅट बरोबर बसले की नाहीत तेही तिथेच कळेल.